रेडीज सर इथे राहतात का?

आमच्या ह्यांनी आयुष्यात अठरा निवडणुका पार पाडल्या आणि मत एकदाही दिलं नाही. मी ज्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते तिथे मी ही गोष्ट सांगितली, तर डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी नवऱ्याची चहाडी करतेय. चहाडीच करायची तर माझ्याकडे याहून सरस विषय आहेत. ही नुसती हकिगत आहे, आणि तिच्यातला अर्धा दोष माझ्या जिभेचा आहे, म्हणून मीच सांगितलेली बरी.

हे म्हणजे प्रभाकर रेडीज. मूळचे चिपळूणकडचे, पण डोंबिवलीत मानपाडा रोडला आम्हाला तीस वर्षं झाली. घरापासून दहा मिनिटांवर पालिकेची शाळा आहे, तिथे हे एकतीस वर्षं मास्तर होते. शिकवायचे सगळंच, पण जीव नागरिकशास्त्रावर. आता नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला लावलेलं शेपूट. पोरं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात, आणि बाकीचे मास्तरही सांगतात की येणारे तेवढे प्रश्न करा. ह्यांच्या वर्गात तसं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर मतदान. आधी गणित की आधी कविता, यावर मतदान. कविता दर वेळी जिंकायची आणि गणिताचा पोर्शन मार्चमध्ये धावत-पळत संपायचा. मॉनिटरच्या निवडणुकीला तर फळ्याच्या स्टँडला नकाशा अडकवून आडोसा करायचे आणि पोरांच्या बोटाला मार्कर लावायचे.

गृहपाठही तसलेच. घरच्या मोठ्या माणसांची नावं मतदार यादीत आहेत का ते बघून या, नसतील तर का नाहीत ते पाच ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पालक भांडायला हजर. आमच्या यादीशी तुम्हाला काय करायचंय, म्हणायचे. हे शांतपणे त्यांच्या हातात कोरा फॉर्म द्यायचे. भांडायला आलेला माणूस फॉर्म भरून जायचा, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

घरीही हाच कारभार. भाजी काय करायची, यावर हात वर करा. लेक क्षिप्रा होती तोवर निकाल ठरलेला, दोन विरुद्ध एक, आणि एक म्हणजे हे. ती लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि आमच्या घरात प्रत्येक ठराव एकास एक अडकायला लागला. मग हे म्हणायचे, अध्यक्षांचं निर्णायक मत. मी म्हणायचे, अध्यक्ष कोण ते आधी ठरू दे. त्यावर पुन्हा एकास एक. शेवटी मी दुधी करायचे.

तर असा माणूस, आणि ह्याने कधी मत दिलेलं नव्हतं. नोकरीच्या आधी नाव गावी होतं आणि हे शिकायला बाहेर. नोकरी लागली तशी दर निवडणुकीला ड्युटी. कधी टिटवाळा, कधी मुरबाड, कधी उल्हासनगर. लोकांना रांगेत उभं करायचं, बोटाला शाई लावायची, पेट्या सील करायच्या. ड्युटीवरच्या माणसाला पोस्टाने मत पाठवता येतं, त्यासाठी ट्रेनिंगला गेलं की एक फॉर्म भरायचा असतो. पहिल्या खेपेला ह्यांनी शेजारच्या चाळीस जणांना तो फॉर्म भरायला मदत केली आणि स्वतःचा राहिला. पुढच्या खेपेला भरला, मतपत्रिका घरी आली. ती ह्यांनी इतकी जपून ठेवली की निकालानंतर दिवाळीच्या सफाईत सापडली. एकदा मात्र सगळं वेळेवर झालं. टेबलाशी बसले, खूण केली, आणि मग भिंगातून बघत म्हणाले, "मंदा, ही खूण रेघेला लागलीय. मी मोजणीला असतो तर हे मत बाद केलं असतं." आणि पाठवलंच नाही. स्वतःचं मत स्वतः बाद करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही.

दर निवडणुकीनंतर वर्गात कोणीतरी पोर उठून विचारायचं, "सर, तुम्ही कोणाला दिलं?" हे डोळे मिटून म्हणायचे, "मत गुप्त असतं." पोरांना वाटायचं, केवढा तत्त्वाचा माणूस. मी हसायचे, म्हणायचे, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्या दिवशी संध्याकाळी हे चहाचा कप अर्धा तसाच ठेवायचे. अठरा वेळा ठेवला. त्यांना ते लागायचं, हे मला दिसत होतं, आणि तरी मी हसायचे.

म्हणून रिटायरमेंटची वाट हे पेन्शनसाठी बघत नव्हते. "पुढच्या निवडणुकीला मी फक्त मतदार," असं कॅलेंडरकडे बघून म्हणायचे. निरोप समारंभात शर्टपीस मिळाला, तो लगेच शिवून घेतला आणि कपाटात टांगला. मी म्हटलं, घाला की. तर म्हणाले, मतदानाला.

आता माझ्या जिभेकडे येते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी ह्यांना बीएलओ केलं होतं. म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायची. कोण राहतं, कोण गेलं, कोण वारलं. यादीच्या त्या भागात आमचीही बिल्डिंग होती. महिनाभर हे सकाळी बाहेर पडायचे ते जेवायलाच उगवायचे. स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे टपटपत होता. प्लंबरला सांगा, सांगा, म्हणून माझा घसा बसला. ह्यांना मात्र ए विंगमध्ये कोणाचा जावई भाड्याने राहतो ते तोंडपाठ.

एका रविवारी मी कोळंबी सोलत बसले होते. बेल वाजली. कोपराने कडी काढली, तर दारात हे. गळ्यात ओळखपत्र, बगलेत रजिस्टर आणि चेहऱ्यावर अनोळखी भाव.

"नमस्कार. प्रभाकर विश्राम रेडीज इथे राहतात का?"

"नाटकं पुरेत," मी म्हटलं. "आत या आणि लसूण सोला."

"बाई, मी सरकारी कामावर आहे. या घराला ही तिसरी भेट आहे. मागच्या दोन्ही वेळा कुलूप होतं."

"कुलूप असणारच. मी दवाखान्यात होते, आणि तुम्ही कुलपाच्या बाहेर उभे होता."

"ते खरं आहे. पण तशी नोंद करायला रकाना नाही. प्रभाकर रेडीज इथे राहतात का?"

माझं डोकं तापलं. मागे नळ टपटप करतोय, हाताला कोळंबी, आणि नवरा मला बाई म्हणतोय.

"नाही राहत," मी म्हटलं. "जेवायला आणि झोपायला तेवढे येतात."

"मग राहतात कुठे?"

"मतदार यादीत."

हे मान खाली घालून लिहायला लागले.

"अहो, काय लिहिताय?"

"कुटुंबातल्या व्यक्तीने सांगितलं ते. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असा नियम आहे."

"पण तुम्ही कुठे राहता ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"ती वैयक्तिक माहिती झाली," हे म्हणाले. "ती ग्राह्य नाही. इथे सही."

मला वाटलं, फिरकी घेतायत. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही कोणाची फिरकी घेतलेली नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मी सही ठोकली. कागदाला कोळंबीचा हात लागला. ह्यांनी कागद गठ्ठ्यात ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, चप्पल काढली, आत आले आणि लसूण सोलायला बसले. मी विषय विसरले. दुसऱ्या दिवशी प्लंबरलाही मीच बोलावलं.

मे महिन्यात हे रिटायर झाले. पुढे काही महिन्यांनी पालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि शाळेच्या भिंतीवर यादी लागली. हे बघायला गेले. स्वतःचं नाव बघायला नाही, बिल्डिंगमधल्या सगळ्यांची आहेत ना ते बघायला. तासाभराने परत आले ते खुर्चीत बसूनच राहिले.

"काय झालं?"

"माझं नाव कापलंय."

"कोणी?" मी पदर खोचला. "नाव सांगा, बघतेच मी त्याला."

"मी," हे म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मग सगळं बाहेर आलं. कागद गठ्ठ्यातून वेगळा काढायला हवा, असं ह्यांना वाटलं होतं. पण आपलाच कागद वेगळा काढणं म्हणजे पक्षपात. म्हणून ठेवला तसाच, वरचे साहेब शंका काढतील या भरवशावर. आणि साहेबांनी काढली नाही, कारण एकतीस वर्षांत रेडीज सरांच्या कागदात चूक निघाली नव्हती. रेडीज सर लिहितात की रेडीज सर तिथे राहत नाहीत, म्हणजे नसतील राहत.

"मग जा आणि सांगा त्यांना."

"कोणत्या तोंडाने?" हे म्हणाले आणि कपाटातल्या शर्टाकडे बघत बसले. त्या दिवशी नुसतं 'हो, राहतात' म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? दुसऱ्यांच्या दातांची काळजी घेण्यात दिवस जातो माझा, पण स्वतःचं तोंड कधी मिटायचं ते कळलं नाही.

शेवटी निवडणुकीच्या ऑफिसात मीच गेले. तिथल्या बाईंनी गठ्ठा उपसून तो कागद काढला. ओळखायला वेळ लागला नाही, अजून नारिंगी डाग होता. त्यांनी मोठ्याने वाचलं, "पहिली भेट, घर बंद. दुसरी भेट, घर बंद. तिसरी भेट, सदर इसम इथे राहत नाही, मतदार यादीत राहतो, असे पत्नीचे म्हणणे." मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"सही तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"सही माझी, डाग कोळंबीचा," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांनी नवा फॉर्म दिला. यादी शनिवारी बंद होणार होती, आणि तोवर बीएलओने घरी येऊन खात्री करायला हवी होती. नवी बीएलओ म्हणजे ऐश्वर्या. ह्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिकवते. मी निश्चिंत झाले. म्हटलं, घरचंच माणूस आहे, दारात उभी राहून सही घेईल.

पण तिला काम शिकवलं होतं कोणी? ह्यांनी. बुधवारी ती आली तेव्हा मी दवाखान्यात, आणि हे बी विंगमधल्या विमलाबाईंचा फॉर्म भरायला गेलेले. घर बंद. गुरुवारी आली तेव्हा मी दवाखान्यात, आणि हे विमलाबाईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. घर बंद. मी तिला फोन केला, "अगं, तू ओळखतेस ना सरांना? लिहून टाक की."

"काकू, सरांनीच सांगितलंय. ओळखीचा असला तरी भेटल्याशिवाय लिहायचं नाही. आणि तीनच भेटी." तिचा आवाज रडवेला होता. "शनिवारी सकाळी येते. सरांना घरी ठेवा, प्लीज."

शनिवारी मी रजा टाकली. ह्यांच्या चपला वॉशिंग मशीनमध्ये लपवल्या, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. तरी हे साडेनऊला अस्वस्थ. "पाचच मिनिटं गं मंदा. विमलाबाईंचा फोटो तिरका चिकटलाय."

"राहू दे तिरका. त्या स्वतःही जराशा तिरक्याच आहेत. लसूण सोला."

दहाला बेल वाजली. दारात ऐश्वर्या, गळ्यात ओळखपत्र, बगलेत तेच रजिस्टर. खुर्चीतल्या सरांना बघून तिने आधी सुस्कारा सोडला. "सर, बरे आहात ना?"

"आधी प्रश्न," हे आतून म्हणाले. "आणि मला विचारू नकोस. मी अर्जदार आहे, अर्जदाराने मध्ये बोलायचं नाही."

बिचारीने गंभीर तोंड केलं आणि माझ्याकडे वळली. "काकू, प्रभाकर विश्राम रेडीज इथे राहतात का?"

प्रश्न तोच, दार तेच. फक्त या खेपेला हे लसणाची पाकळी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. तीस वर्षं मी या माणसाला घरात नसतोस, नसतोस म्हणून बोलले होते, आणि आता एका शब्दाने त्याला घरात घ्यायचं माझ्या हातात होतं.

"राहतात," मी म्हटलं. "इथेच राहतात. तीस वर्षं. नळ दुरुस्त करत नाहीत, प्लंबरला सांगत नाहीत, पण राहतात. कुठे गेले तरी इथेच परत येतात."

ऐश्वर्याचं पेन थांबलं. "सगळं लिहू?"

"कुटुंबातल्या व्यक्तीने सांगितलं ते," हे म्हणाले. "आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

तिने लिहिलं. सदर इसम नळ दुरुस्त करत नाही, परंतु इथेच राहतो. मी हात साबणाने धुऊन, पुसून सही केली. ऐश्वर्या जायला निघाली आणि दारातच थबकली. "सर, सहावीत तुम्ही यादीचा गृहपाठ दिला होता ना, तेव्हा आमच्या आईचं नाव लागलं. कंपनीत पॅकिंगला जायची ती, चौतीस वर्षांची होईतो तिने मत दिलेलं नव्हतं. आता दर वेळी सगळ्यांत आधी जाऊन उभी राहते." हे चष्मा काढून पुसत बसले, आणि लसणाच्या हाताने पुसल्यामुळे नंतर बराच वेळ डोळे चोळत होते.

मतदानाच्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधले अर्धे लोक सुट्टी बघून अलिबागला गेले. त्यात दोन डॉक्टर, एक प्राध्यापक. आम्ही सातला रांगेत. नवा शर्ट इस्त्रीचा, फक्त मागे शिंप्याची चिठ्ठी तशीच राहिलेली. बूथ नेमका ह्यांच्याच वर्गात होता. ऐश्वर्याची आई, लक्ष्मी, आज मात्र आमच्या मागे उभी होती. खुणेनेच हसली.

आत शिरल्याबरोबर ह्यांनी टेबलं बघितली आणि त्यांना राहवेना. "तो आडोसा खिडकीकडे नको. बाहेरून दिसतं." तिथला अधिकारी तरुण होता, कुठून तरी लांबून आलेला. "काका, पुढे चला." एकतीस वर्षं ज्या वर्गात सगळे उभे राहायचे, तिथे ह्यांना काका, पुढे चला. मला राग आला. पण हे मुकाट पुढे गेले. यादीत नाव सापडलं. सही केली. शाईवालीपुढे बोट धरलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "नखावरून वरपर्यंत, एकच रेघ. हां. छान."

मग आडोशामागे गेले ते गेलेच. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे चार बटणं दाबायची, मगच मशीनचा लांब आवाज येतो. एक मिनिट झालं. दोन झाली. आवाज नाही. रांग चुळबुळायला लागली. अधिकारी म्हणाला, "काका, काही अडचण आहे का? चार मतं द्यायचीत."

"मला माहीत आहे," आतून आवाज आला. "मी हे लोकांना अठरा वेळा सांगितलंय. जरा थांबा. घाई करायची नाही, असंही सांगायचो."

लक्ष्मी माझ्या कानाशी म्हणाली, "सर रडतायत का ओ?" मी म्हटलं, "लसूण असेल." आणि माझेच डोळे भरले.

मग मशीन वाजलं. लांब, कर्कश, अख्ख्या वर्गभर. हे बाहेर आले ते बोट पुढे धरून, ओल्या मेंदीचा हात जपतात तसं. आम्ही फाटकापर्यंत आलो. मग मला राहवलं नाही.

"कोणाला दिलं?"

हे थांबले. डोळे मिटले. "मत गुप्त असतं, मंदा."

एकतीस वर्षं हेच उत्तर ऐकत आले होते. पण आज त्यांच्याकडे लपवायला काहीतरी होतं, एक नाही, चार होती. या खेपेला मी हसले नाही. घरी येऊन चहा टाकला. ह्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला आणि अजून अर्धा मागितला.